थांबला की विसरला?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. गोव्यातल्या फोंड्याला मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते, ते बसस्टँडपासून फार लांब नाही. दुपारच्या बसमधून उतरलेली गावची माणसं आधी सावलीला म्हणून आत येतात, मग औषध मागतात. तसे एक आजोबा आले. छत्री मिटून काउंटरला टेकवली, खिशातून घडी घातलेली पाचशेची नोट काढली आणि म्हणाले, "बाय, म्हाका तें..." आणि थांबले.

मागे तीन माणसं उभी. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा चटपटीत आहे, तो लगेच सुरू झाला. "बीपीची गोळी? शुगरची? गॅसची? आजोबा, डॉक्टराचो कागद हाडला?" मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. आजोबांचे डोळे वर गेले नव्हते. विसरलेल्या माणसाचे डोळे वर जातात, नाहीतर एखादी रिकामी भिंत शोधतात. यांचे डोळे काउंटरच्या काचेवर स्थिर होते, आणि अंगठा नोटेच्या घडीवरून पुढेमागे फिरत होता. शब्द त्यांच्याजवळ होता. घरून निघाल्यापासून ते तो बरोबर घेऊन आले होते. फक्त बाजूला उभी असलेली बाई त्यांच्या वाड्यावरची होती.

मी त्या बाईंचं औषध आधी दिलं. त्या पायरी उतरून गेल्या. मग आजोबा पुढे वाकून म्हणाले, "व्हडांचे डायपर आसात? घरकान्नीक जाय." मोठ्या माणसांचे डायपर, बायकोसाठी. मी पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते छत्रीसोबत काखेत धरलं आणि गेले.

मुलाने नंतर विचारलं, "मावशी, तुका कशें कळ्ळें?"

फार्मसी कॉलेजात हे शिकवत नाहीत. मी ते विंगेत शिकले.

आमच्या गावची जत्रा माघात. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून आत गेली, आरती झाली, बायकांनी केसांत माळलेल्या अबोलीच्या फाती कोमेजायला लागल्या, खाजेवाल्याने पेट्रोमॅक्सला पंप मारला की मग नाटकाची पहिली घंटा. रात्रीचा एक वाजलेला असतो. दिवाळीनंतर हा हंगाम सुरू होतो आणि चैत्रापर्यंत तालुक्यात कुठे ना कुठे पडदा वर जातच असतो. नाटक करणारी माणसं गावचीच. इलेक्ट्रिशियन, बँकेतला शिपाई, टेम्पोवाला, नारळ पाडणारा. दिवसभर कामं करून रात्री देवळाच्या अग्रशाळेत तालीम. तालमीत बोलणं सगळं कोंकणीत. "अरे, तूं हांगा रावनाका, थंय वच!" आणि पुढच्याच क्षणी तोच माणूस छाती काढून अस्सल मराठीत स्वराज्याची शपथ घेतो. घरची भाषा कोंकणी आणि रंगमंचावरची मराठी. या दोहोंत आम्हाला कधी अंतर वाटलं नाही. परकरावर मुलगी साडी नेसते तितक्या सहज आम्ही एकीतून दुसरीत जातो. मात्र माणूस खरोखर विसरला की मराठी आधी सुटते. एकदा दरबारात उभ्या असलेल्या सरदाराने तलवारीच्या मुठीवर हात ठेवून विंगेकडे मान वळवली आणि अत्यंत कळकळीने विचारलं, "फुडें कितें गे?"

मी विंगेत पहिल्यांदा बसले तेव्हा नववीत होते. माझे थोरले काका प्राथमिक शाळेत शिक्षक. सारा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, आणि जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टर तेच. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लाल कागद गुंडाळलेल्या पंधरा वॅटच्या बल्बखाली त्यांना अक्षर लागेना. नाटक सगळं पाठ होतं, पण प्रत हातात नसेल तर जीव थाऱ्यावर राहत नाही म्हणायचे. म्हणून माझं वाटोळं अक्षर बघून माझ्याकडून सगळी प्रत उतरवून घेतली आणि मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. पहिल्या वर्षी मी फक्त पानं उलटली. दुसऱ्या वर्षी दुसरा अंक मला दिला. तिसऱ्या वर्षी ते प्रेक्षकांत जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा समोरून नाटक पाहतोय म्हणाले.

काकांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. आपल्या मातीला नाटक लागतं, असं ते म्हणायचे, आणि बोटांवर मोजून दाखवायचे. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचे, रामदास कामतही गोव्याचेच. मुंबईत गेलेल्या गोंयकारांनी १९१९ मध्ये धी गोवा हिंदु असोसिएशन काढली, आणि त्याच संस्थेने १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं. हे सांगताना त्यांचा आवाज वर्गात सनावळी सांगतानाचा नसायचा, घरच्या माणसांच्या बारशांच्या तारखा सांगतानाचा असायचा.

प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. समोरच्या नटाचं वाक्य संपायच्या जरा आधी पुढच्याचे पहिले दोन शब्द द्यायचे. दोनच. चार दिले तर तो तुमच्या मागून फरपटत येतो. आवाज घशातून काढायचा नाही, जिभेच्या टोकावरून आणि दातांतून काढायचा. तो नटाच्या कानापर्यंत गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचांपर्यंत जाता कामा नये. 'स' आणि 'श' जपून, ते शिट्टीसारखे लांब जातात. प्रतीत माझ्या खुणा आहेत. प्रवेशाला गोल, प्रकाश बदलायचा तिथे फुली, आणि दोन शब्दांच्या मध्ये एक उभी लाल रेघ. ती लाल रेघ काकांच्या प्रतींत नव्हती. ती माझ्या प्रतीत आली २००३ च्या जत्रेनंतर.

आमच्याकडच्या जत्रेच्या नाटकांत नायिका बाहेरून आणतात हे बाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. गावातले पुरुष महिनाभर तालमी करतात, आणि नायिका नाटकाच्या दिवशी दुपारी बसमधून उतरते. हंगामात तिचे रात्रीचे प्रयोग लागोपाठ लागलेले असतात. काल एका गावात सासुरवाशीण, आज इथं महाराणी, उद्या तिसरीकडे अंध मुलगी. तिला सगळी वाक्यं पाठ असणं शक्यच नसतं. ती उभी राहते ती प्रॉम्प्टरच्या भरवशावर, आणि तरीही समोर बसलेल्या हजारभर माणसांना रडवते. या बायकांबद्दल जितकं लिहिलं गेलं पाहिजे तितकं कोणी लिहिलेलं नाही. माझ्या मते गोव्याची उत्सवी रंगभूमी त्यांच्या पाठांतराच्या, प्रवासाच्या आणि जागरणाच्या जिवावर उभी आहे, आणि स्मरणिकेत त्यांचं नाव शेवटी येतं.

त्या वर्षी आलेल्या बाई बेळगावकडच्या होत्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. उतरल्या आमच्याच घरी. राजांगणात तुळशीपाशी पाट टाकून बसल्या, चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "माझे प्रवेश वाच. सरळ वाच, नाट्य नको करूस." मी वाचत गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. नाटक ऐतिहासिक, त्या येसूबाई. संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी घेऊन जासूद येतो, त्या प्रवेशाशी आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "हे बघ, इथं मी—" एवढं म्हणाल्या आणि तेवढ्यात आतून आईने जेवायला हाक मारली. बाई उठल्या. जेवण झालं, वेणीफणी झाली, मेकअपवाला आला, आणि ते वाक्य अर्धंच राहिलं.

रात्री तीनच्या सुमाराला तो प्रवेश आला. रंगमंचावर वरून दोन माईक टांगलेले. त्यातला एक माझ्या विंगेपासून हातभर अंतरावर, मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. जासूद गुडघ्यावर बसला, बातमी सांगितली. बाई उभ्या होत्या. त्यांचं पुढचं वाक्य, 'आज आऊसाहेब असत्या तर'. मी शब्द दिला. बाई हलल्या नाहीत. मी पुन्हा दिला. त्यांची मान किंचित खाली गेली. मला वाटलं, गेलं, यांना ऐकूच येत नाही, नाटक पडलं. तिसऱ्यांदा मी जोरात दिला. माईकने तो उचलला आणि माडांवर बांधलेल्या दोन्ही कर्ण्यांतून माझा विशीतला घाबराघुबरा आवाज सबंध मैदानावर गेला, "आज आऊसाहेब असत्या तर!"

मागच्या बाजूला पोरं हसली. एवढा वेळ पदर तोंडाशी धरून बसलेल्या पुढच्या बायका भानावर आल्या, कुणी मूल सरसं केलं, कुणी चप्पल शोधली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाक्य घेतलं, पुढचा सगळा प्रवेश नीट केला. टाळ्याही आल्या. पण जे घडायचं होतं ते घडून गेलेलं नव्हतं, आणि हे त्या रात्री तिथं फक्त दोघींना ठाऊक होतं.

पहाटे त्या खोबरेल लावून तोंड पुसत होत्या. मी दारात उभी राहिले. माझ्याच्याने बोलवेना. त्याच म्हणाल्या, "बाय, मी विसरले नव्हते गं. जासूद बोलला ते तिच्या कानावर पडलं होतं, आत पोचलं नव्हतं. ते पोचेपर्यंत मी थांबले होते." आवाजात राग नव्हता. कापसाचा बोळा कुंकवाने लाल झाला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "तोंडाकडे बघत जाऊ नकोस. तोंड आम्ही सांभाळतो. पायाकडे बघ. विसरलेला माणूस पायाचा अंगठा आत घेतो, जमीन धरून ठेवतो. थांबलेल्याचा पाय पसरलेला असतो."

सहाच्या बसने त्या पुढच्या गावाला गेल्या. मी प्रत उघडली आणि जासुदाच्या वाक्यानंतर लाल रेघ ओढली.

त्यानंतर मी नाटकं वेगळ्या तऱ्हेने पाहू लागले. कोण काय बोलतं यापेक्षा कोण कुठं थांबतं याकडे माझं लक्ष जाऊ लागलं, आणि थांबण्याच्या कितीतरी जाती आहेत हे उमगत गेलं. संगीत नाटकात गायक पदाआधी थांबतो तेव्हा ऑर्गनवाला स्वर धरून ठेवतो. तो थांबा रिकामा नसतो, त्यात पाऊल ठेवायला जागा असते. मडगावच्या रवींद्र भवनात तियात्र, म्हणजे गाण्यांसह होणारं कोंकणी नाटक, पाहिलं की विनोदी नटाचा थांबा कळतो. तियात्राची सुरुवात १८९२ ची, मुंबईतली, आणि इतक्या वर्षांत या लोकांनी प्रेक्षकाच्या श्वासाचा अंदाज इतका पक्का केलाय की नट अर्धं वाक्य टाकून नुसता भुवई वर करून उभा राहतो. लोक हसायला लागतात, हसणं उताराला लागतं, आणि नेमक्या त्या उतारावर तो उरलेलं अर्धं टाकतो आणि ड्रमवर थाप पडते.

आणि दशावतार. पेडण्याकडे दशावतार पाहायला गेले तेव्हा मी सवयीने विंगेत प्रॉम्प्टर कुठे बसतो ते शोधत होते. तिथं प्रॉम्प्टरच नसतो, कारण लिहिलेलं नाटकच नसतं. आख्यान कुठलं ते ठरतं, कोणी कुठं यायचं ते ठरतं, आणि बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. आपली मराठी रंगभूमीसुद्धा अशीच सुरू झाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला जो खेळ केला त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. लिहून, छापून, पाठ करून केलेली नाटकं नंतर आली. लोक त्यांना 'बुकिश नाटकं' म्हणत. म्हणजे माझी विंगेतली जागा त्या बुकिश नाटकांनी तयार केली. शब्द आधी ठरला, म्हणून तो विसरणं शक्य झालं. दशावतारातला राजा गप्प झाला की पखवाज आणि झांज त्याला सांभाळतात, आणि प्रेक्षकाला वाटतं राजा विचार करतोय. बहुतेक वेळा तो खरोखरच विचार करत असतो. मला त्या रात्री त्यांचा हेवा वाटला, आणि थोडी भीतीही.

पणजीला कला अकादमीच्या नाट्यगृहात भिंतींवर प्रेक्षक रंगवलेले आहेत. चार्ल्स कोरियांच्या त्या वास्तूत मारियो मिरांडांनी रंगवलेली माणसं सज्ज्यांत बसून खाली पाहत असतात. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. आता वाटतं, त्यांच्याइतके चांगले प्रेक्षक आजकाल खालच्या खुर्च्यांत नसतात. अकादमी दुरुस्तीसाठी २०२१ मध्ये बंद झाली ती २०२३ च्या नोव्हेंबरात उघडली. त्यानंतर मी पहिल्यांदा नाटकाला गेले तेव्हा नटी एका जागी थांबली आणि त्या थांब्यात माझ्यापुढच्या रांगेत चार मोबाइल उजळले. चौघांनाही कुणाचा मेसेज आलेला नव्हता. नुसतं शांत झालं म्हणून हात आपोआप खिशाकडे गेले होते. मला राग आला नाही, वाईट वाटलं. विसरलेल्या नटाचा अंगठा जसा आत जातो, तसेच ते हात होते. शांततेला घाबरलेले.

हे घाबरणं आपल्या अंगी कसं आलं याचा मी बराच विचार करते. टीव्हीवरच्या मालिकेत सून थांबली की लगेच ढोल, वीज, आणि कॅमेरा तीन बाजूंनी तिच्या तोंडावर. म्हणजे तिच्या मनात काय आलं ते आपल्याला शोधावं लागू नये. माझा नवरा मोबाइलवर सिनेमे दीडपट वेगाने बघतो. वेळ वाचतो म्हणतो, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाशी मी त्यावर वाद घालत नाही. पण दीडपट वेगात संवाद जेमतेम टिकतात, थांबे मरतात. रील्सबद्दल मात्र मी सगळ्यांसारखी कुरकुर करणार नाही. आमच्याच भागातली काही मुलं कोंकणी-मराठीत जे तीस-तीस सेकंदांचे प्रसंग करतात, त्यांत एखादा इतका अचूक थांबतो की मी तो पाच-सहा वेळा बघते. कला असेल तिथे तीस सेकंदांतही जागा होते.

व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ मध्ये आली. माझी आते वास्कोला असते. एकटी. तिला टाइप करणं जमत नाही, म्हणून ती चार-चार मिनिटांचे निरोप पाठवते. एकदा दुकानात गर्दी होती, मी तिचा निरोप दुप्पट वेगाने ऐकला. पाणी दोन दिवस नव्हतं, मासळी महागली, शेजारणीची मुलगी कॅनडाला गेली, आयतारी येशील, नसल्यास हरकत नाही. मी लिहिलं, "या आयतारी जमत नाही गे." रात्री भांडी घासून झाल्यावर का कोण जाणे, तोच निरोप पुन्हा लावला, साध्या वेगाने. "आयतारी येशील..." आणि मग नुसता पंख्याचा आवाज. दूर कुठेतरी बंदरातला भोंगा. मी मनात मोजलं, सात झाले. मग "...नसल्यास हरकत नाही." दुपारी मला जी माहिती वाटली होती ती विनवणी होती. मी त्या रविवारी गेले.

आणि तो फोनमधला कीबोर्ड. मी एक शब्द लिहिते, तो पुढचे तीन शब्द हातात ठेवतो. दिवसाला शंभरदा तो बरोबर असतो हे मान्य. पण गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीचे वडील गेले. मी लिहायला घेतलं, 'बातमी ऐकून', आणि मला पुढचं सुचेना. सुचत नव्हतं कारण ते माझ्याही आत अजून पोचलं नव्हतं. तेवढ्यात कीबोर्डने पुढे केलं, 'खूप आनंद झाला'. मी फोन पालथा ठेवला. बरोबरच होतं त्याचं, लोक बहुतेक वेळा तेच लिहीत असतील. २००३ मध्ये मीही तेच केलं होतं. प्रतीत पुढे जे होतं ते दिलं, माणसाकडे न बघता. मग मी काही लिहिलं नाही, कदंबची बस पकडून तिच्या घरी गेले आणि तिच्या शेजारी बसले.

माझी मुलगी पुण्याला शिकते. तिचा व्हिडिओ कॉल आला की पहिले पाच मिनिटं मेसचं जेवण आणि कपडे वाळत नाहीत हे होतं. एका रात्री बोलता बोलता तिचा चेहरा स्थिर झाला. ओठ जरासे उघडे, डोळे कॅमेऱ्याच्या खाली. मी "हॅलो? नेट गेलं काय गे?" म्हणणार होते. तोंड उघडलं होतं माझं. इतक्यात दिसलं, तिच्या मागे खिडकीचा पडदा हलतोय. नेट होतं. मी तोंड मिटलं. तिचे पाय मला दिसत नव्हते. पडदा एकदा आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला. मग ती म्हणाली, "आई, मला इथं बरं वाटत नाही. जूनपासूनच."

तेव्हा डिसेंबर होता.

त्या रात्री आम्ही दीडपर्यंत बोललो. त्यातलं इथं लिहिण्यासारखं काही नाही, ते तिचं आहे. पण मी आधीच्या सहा महिन्यांतले कॉल आठवून पाहिले. कितीदा तिचा चेहरा असा झाला असेल आणि मी पटकन "जेवलीस ना? झोप आता" म्हणून तिचं वाक्य तोडलं असेल. विंगेत मी इतकी वर्षं पाय बघते, आणि घरी माझी घाई अजून तशीच होती.

यंदाच्या माघात जत्रेला दुकानातला तो मुलगा माझ्याबरोबर विंगेत होता. तो आमच्याच गावचा, माझ्या माहेरच्या घरापासून चौथं घर. आजोबांच्या प्रसंगानंतर तोच मागे लागला, मला शिकव म्हणून. नाटकाची प्रत त्याने फोनवर घेतली होती. मी फोन बंद करायला लावला, कारण त्याचा उजेड नटाच्या डोळ्यांवर जातो, आणि माझी कागदाची प्रत दोघांच्या मध्ये धरली. त्याला सगळं सांगितलं होतं. दोनच शब्द, दातांतून, 'स' जपून, लाल रेघ आली की तोंड बंद. आणि पाय.

नाटक कौटुंबिक होतं. निवृत्त बापाचं काम आमचा इलेक्ट्रिशियन करत होता. तीस वर्षं तो जत्रेच्या नाटकात आहे. त्याला प्रॉम्प्टिंग लागत नाही. त्याचे थांबे गावाला पाठ आहेत, बायका म्हणतात, हा गप्प राहिला की रडू येतं. दुसऱ्या अंकात मुलगा घर विकायचं म्हणतो आणि बाप थांबतो, तिथं माझ्या प्रतीत लाल रेघ होती, जाडसर. मुलाचं वाक्य संपलं. बाप थांबला. मैदान गप्प झालं, दूर खाजेवाल्याच्या ताटाचा आवाजसुद्धा ऐकू आला. मी मोजत होते. शेजारच्या मुलाचे ओठ हलले, मी त्याच्या मनगटावर हात ठेवला, दुकानात ठेवला होता तसाच.

"मावशी," तो अगदी दातांतून म्हणाला, "आंगठो पळय."

मी बघितलंच नव्हतं. तीस वर्षांचा ओळखीचा थांबा, म्हणून मी चेहऱ्याकडे बघत बसले होते. सतरंजीच्या कडेवर त्याचा उजवा अंगठा आत वळलेला होता, नख पांढरं पडलं होतं. मी हात काढला. मुलाने दोन शब्द दिले. माईकने ते उचलले नाहीत. सतरंजीवरचा पाय हळूहळू पसरला, आणि बाप बोलायला लागला.

पहाटे पाचला नाटक सुटेपर्यंत मी फक्त पानं उलटली.